बाबांच्या पानावरचा ठेचा

आई, पोटाच्या कॅन्सरवरचा एक लेख संध्याकाळपर्यंत पेपरला द्यायचा आहे, आणि तो अर्धा सोडून मी तुला लिहीत बसलो आहे. आपलं पांढरकवड्याचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आहे. तू पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा वाटते आहेस आणि बाबा भाकरी मोडण्याआधीच हात पुढे करताहेत. पुढे त्यांच्या पोटात गाठ निघाली, ती काळजापर्यंत, म्हणजे यकृतापर्यंत गेली, बाबा गेले, आणि आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, तुह्या ठेच्यानंच माह्या भावाचं पोट जाळलं." त्यानंतर दर पितृपक्षात बाबांच्या पानावर वडे, कढी, भाकरी सगळं असायचं, ठेचा नसायचा. एकदा मी विचारलं, तर म्हणालीस, "आता अजून कायले जाळू त्यायले?"

लेखासाठी नागपुरात एका तरुण संशोधिकेला भेटलो. आर्णीची आहे, मला काका म्हणते. ती सांगत गेली आणि माझं लिहिणं थांबलं. पेशीत आरएनएचे लांबच लांब धागे असतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून पुष्कळ वर्षं त्यांना कुणी विचारात घेतलं नाही. लग्नघरी खाटेवर बसलेल्या आजोबांसारखे ते; ना पोळी लाटत, ना पंगत वाढत, पण कोणती चूल पेटवायची, कोणती विझवायची, ते त्यांच्या शब्दावर. पोटाच्या कॅन्सरमध्ये यातले काही वाजवीपेक्षा वाढतात, पेशीला आवर घालणाऱ्या छोट्या रेणूंनाच धरून बसवतात, आणि मोकाट सुटलेली पेशी शेजारणीचा हात सोडून दूर निघते. तू डॉक्टरांना विचारलं होतंस, पोटातलं काळजात कसं गेलं म्हणून. तेव्हा त्यांनाही सांगता आलं नव्हतं. एवढा मोठा कारभार बाबांच्या आत चालला होता, आई, आणि आपण सगळे पाट्याकडे बघत होतो.

मी तिला ठेच्याचं विचारलंच. ती जपून बोलली. खारवलेलं खाणं, तंबाखू, पोटातला एक जंतू, घराण्यातून आलेलं काही, अशी कारणं असतात. मिरचीचं अजून पक्कं नाही. "काका, एका माणसाले कशानं झालं, हे मले नाही सांगता येणार." लेखात तेवढंच जाईल.

उद्या बाबांची तिथी. तू गेल्यापासून त्यांचं पान मीच वाढतो. ठेचा वाटून ठेवला आहे, मिक्सरमध्ये. पाटा आता उचलवत नाही. आयुष्यभर पडताळल्याशिवाय एक ओळ छापायला दिली नाही. ही मात्र तशीच लिहितो, हा कागद कुठे जायचा नाही म्हणून: तुझ्या हातानं काही झालं नाही.