वसंताच्या कॉइलचा आकडा

पोलादपूर, मंगळवार, फेब्रुवारी १९३४

वसंताच्या ट्रंकेत त्याने स्वतः बांधलेला रेडिओ निघाला. कंडेन्सर फुटलेला. नवा कोणता घालायचा ते कॉइलच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, इंडक्टन्सच्या आकड्यावर ठरणार, आणि तो सांगणारा आमचा पोरगा देवाघरी गेला.

महाडचे सायन्स मास्तर संध्याकाळी आपला रेडिओ घेऊन आले. म्हणाले, "तार उलगडून वेढे मोजू."

"नाय हां, मास्तर! त्याच्या हातचं हाय ते," ही ओरडली. तारेचे टोक चिकटवलेल्या लाखेत वसंताच्या अंगठ्याचा ठसा आहे.

मग मास्तरांनी ती कॉइल आपल्या रेडिओत लावली. लावताना ठशाला बोट लागू नये म्हणून मीच धरून होतो. कंडेन्सर फिरवता फिरवता मुंबई स्टेशन लागले. स्टेशनच्या लहरीची लांबी माहीत, कंडेन्सरचे माप माहीत. गणिताने इंडक्टन्स निघाला. मला केवढा आनंद झाला! कशाचा?

"आता हुबेहूब दुसरी गुंडाळता येईल," मास्तर म्हणाले.

"मग दुसरीच घाला त्याच्या रेडिओत," म्हणत हिने कॉइल सोडवून घेतली आणि पदराखाली धरून आत गेली.

वर्तमानपत्रासाठी मी लिहितो तो मजकूर उद्याच्या टपालाने जायचा आहे. एकही ओळ सुचत नाही. कॉइल दुसरी, कंडेन्सर दुसरा. रेडिओ बोलेल. पण त्यात वसंताचे काय उरले?