नटवर्यांचे सुळे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात वाकवत नाही, पण कागदावर पुरता आडवा झालो आहे असं समज.) तुझी कंबर, तुझा रक्तदाब आणि तुझी सून, तिन्हींची खुशाली कळव. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझी भावजय म्हणते माझं वजन वाढलंय, मी म्हणतो वजनाचा काटा जुना झालाय. या विषयावर आमचं रोज सकाळी बोलणं होतं आणि दिवस बरा सुरू होतो. दोन महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. कारण ऐकलंस तर राग जाईल, निदान दुसऱ्या कशावर तरी जाईल. तुझा भाऊ सिनेमात गेला होता.

घाबरू नकोस, पडद्यावर नाही. तुला ती रक्तपिशाच्चाची जुनी कादंबरी आठवत असेल. त्यातला म्हातारा उमराव दिवसभर पेटीत झोपतो आणि दिवस मावळला की समोरच्याच्या गळ्याकडे बघत गप्पा मारतो. (तू ती भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचीस. मी आईला सांगितलं नाही, आणि त्या मौनाची किंमत म्हणून तू मला शेवटची चाळीस पानं वाचून दाखवलीस. त्यानंतर मी वर्षभर मफलर गुंडाळून झोपायचो.) तर त्या कादंबरीवर इथे सिनेमा निघाला, आणि एका सकाळी सिनेमाचा मॅनेजर माझा जिना चढून धापा टाकत वर आला. त्याला दोन सुळे हवे होते. मी त्याला सांगितलं की गेली अडतीस वर्षं मी माणसांना चावता यावं म्हणून कवळ्या करतो, पण कुणाला चावायचं हे आजवर कुणी ठरवून आलं नव्हतं. तो हसला नाही. सिनेमातली माणसं कामाच्या वेळी हसत नाहीत, असं पुढे माझ्या लक्षात आलं.

काम घेतलं. आता काम म्हटल्यावर अभ्यास आला, म्हणून कादंबरी पुन्हा वाचून काढली. ताई, साडेतीनशे पानांत उमरावाच्या दातांचं वर्णन फक्त चार ठिकाणी आहे, आणि चारही ठिकाणी वेगळं. एकदा ते लांब आहेत, एकदा बारीक, एकदा पिवळे, आणि एका ठिकाणी तर मोत्यांसारखे. लेखकाने आयुष्यात कुणाला ‘आ करा’ म्हटलेलं नाही हे स्वच्छ दिसतं. हे सगळं मी तुझ्या भावजयीला जेवताना सांगितलं. तिने ताट उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली.

उमरावाचं काम करणारे गृहस्थ म्हणजे आपले नटवर्य. (नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. तू त्यांना ओळखतेस. ते दंतमंजनाच्या जाहिरातीत आरशासमोर हसतात आणि आरसा चमकतो, तेच.) ते माप द्यायला माझ्याकडे आले. सत्तरी उलटलेली, पण ताठ चाल, खांद्यावर शाल, आणि आवाज असा की माझ्या फळीवरचे प्लास्टरचे साचे खुळखुळले. सोबत मॅनेजर होता. त्याला त्यांनी खाली चहा प्यायला पाठवलं, दार लावून घेतलं, खिडकीचा पडदा ओढला, खुर्चीत बसले, आणि तोंडात बोट घालून वरची आणि खालची अशी अख्खी बत्तिशी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

मी बघतच राहिलो. नटवर्यांकडे नाही, कवळीकडे. कारण ताई, ती माझी होती. आमच्याकडे दातांचे डॉक्टर नुसतं माप पाठवतात, माणूस कधी दिसत नाही. पण आपलं अक्षर जसं आपल्याला कळतं, तशी आपली कवळी कळते. समोरच्या दातांतला एक मी मुद्दाम केसभर तिरपा बसवला होता, कारण अगदी सरळ रांगेतले दात खोटे वाटतात. म्हणजे अकरा वर्षं मी त्या जाहिरातीतलं हसू पाहून तुझ्या भावजयीला सांगत होतो, बघ, याला म्हणतात देवाने दिलेले दात! आणि ते मीच दिले होते.

कवळी काढली की माणसाचा चेहरा कसा बसतो ते मी रोज पाहतो. तरी त्यांचा बसलेला पाहून मला वाईट वाटलं. ते म्हणाले, “तुम्हाला सांगावंच लागतंय. पण बाहेर कळलं तर संपलं. सिनेमाच्या मागे पैसा घेऊन मंजनवाले शेठ उभे आहेत. दहा वर्षांनी मला मोठं काम मिळालंय, आणि आता पुन्हा मिळेल असं वाटत नाही.” (हे सगळं ते दातांशिवाय बोलत होते, त्यामुळे ‘संपलं’ला ‘फंपलं’ ऐकू येत होतं. पण हसू आलं नाही.) मी त्यांना शब्द दिला. तुझी भावजय सोडून कुणालाही सांगणार नाही असं मनात ठरवलं, आणि तीसुद्धा कुणाला सांगत नाही, तिच्या दोन बहिणी सोडून.

आता नुसते सुळे करून भागणार नव्हतं. सुळ्यांसकट नवी कवळी करायला हवी होती, आणि ती कवळी आहे हे कळता कामा नये. मला अठरा दिवस लागले. तीन वेळा मेणात बांधली आणि तीन वेळा मोडली. चौथी झाली ती अशी झाली की मीच थोडा मागे सरलो. मॅनेजरला वाटलं दोन दातांना एवढे दिवस कशाला. मी त्याला बारीक कलाकुसर, उजेडातली छटा वगैरे काहीबाही सांगितलं. त्याने मान डोलावली आणि मला चित्रीकरणालाच बोलावलं, सुळे बसवायला आणि काढायला. माझ्या गळ्यात ओळखपत्र आलं. त्यावर ‘दंत विभाग’ असं लिहिलं होतं. विभागात मी एकटाच होतो.

उमरावाची गढी म्हणजे साबणाचं एक बंद पडलेलं गोदाम होतं. भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावून आत अंधार केलेला, कोळ्यांची जाळी डिंकाची, आणि वास मात्र अंघोळीचा. दिग्दर्शन करणाऱ्या बाई वयाने आपल्या भाचीएवढ्या. चष्मा कायम डोक्यावर, आणि तो कुठे गेला म्हणून दिवसातून चारदा शोध. पण काम चोख. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला, कारण सुळे लांब असल्यामुळे नटवर्यांचा ‘स’ शिट्टीसारखा वाजू लागला. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, ‘साऱ्या सावल्या सरल्या, सखे’. (हे कादंबरीत नाही. संवाद लिहिणाऱ्याच्या मनात माझ्याविषयी काय होतं देव जाणे.) चार शिट्ट्या वाजल्या आणि दिवे लावणाऱ्याचा कुत्रा, जो या सिनेमात लांडग्याचं काम करत होता, गोदामाच्या दुसऱ्या टोकाहून धावत आला आणि उमरावाच्या पायाशी जिभल्या चाटत बसला. मी डोळे मिटून घेतले. बाई मात्र खुर्चीवर उभ्या राहून ओरडल्या, “हेच ठेवायचं! लांडगे त्याचं ऐकतात!” त्या दिवसापासून संवादांत ‘स’ वाढवले गेले. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाने माझ्याशी बोलणं टाकलं.

असे बारा दिवस सुखात गेले. तेराव्या दिवशी गळ्याचा चावा होता, आणि नेमके त्याच दिवशी मंजनवाले शेठ चित्रीकरण बघायला आले. पांढरा सफारी, मागे दोन माणसं, हातात मंजनाच्या डब्यांची भेट. मलाही एक डबा मिळाला. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. नायिका पहिल्यांदाच सिनेमात काम करणारी, चुणचुणीत मुलगी. तिच्या गळ्याला गुदगुल्या होतात म्हणून वेशभूषेच्या बाईंनी उंच कॉलरचा, जाळीच्या लेसचा झगा दिला होता. लेस पाहिली तेव्हाच मी सुळ्यांची लांबी मनात मोजली होती. पण ‘दंत विभागा’ने कपड्यांवर बोलायचं नसतं.

कॅमेरा नटवर्यांच्या पाठीमागे, तोंड मुलीचं. ते वाकले, चावले, दोन क्षण थांबले आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे सावकाश सरळ झाले. वरची कवळी सरळ झाली नाही. ती लेसमध्ये दोन्ही सुळे अडकून मुलीच्या गळ्याला लटकत राहिली. मी बाजूला उभा होतो म्हणून मला दिसलं, आणि मुलीला तर दिसणारच. ताई, अडतीस वर्षांत माझी कवळी कुणाच्या तोंडातून बाहेर पडली नव्हती. मुलीने एकदाच नटवर्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मग हलकेच हात गळ्याशी नेला, कवळी मुठीत घेतली, लेस टर्रकन फाडली आणि मान टाकून बेशुद्ध पडली. काम म्हणून पडली. असं पडणं मी पाहिलेलं नाही.

पण बाई ‘कट’ म्हणेनात. दृश्य पुढे होतं आणि नटवर्यांना आणखी एक वाक्य होतं, ‘माझी भूक आता कुणाच्याच रक्ताने भागत नाही’. त्यांनी स्वतःच्या झग्याने अर्धं तोंड झाकलं आणि ते तसंच, दातांशिवाय म्हणाले. शब्द पुरते उमटलेच नाहीत. जो आवाज आला तो साचे खुळखुळवणारा नव्हता. खूप म्हाताऱ्या, खूप थकलेल्या माणसाचा होता. बाईंनी ‘कट’ म्हटलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, “हा आवाज! हा कुठे लपवला होता तुम्ही? पुन्हा करा ना.”

आता पुन्हा कसा करणार? मुलीची मूठ अजून मिटलेली होती. ती उठून माझ्याकडे यायला निघाली होती, म्हणजे मी चोरून कवळी घेऊन बसवली असती आणि सगळं झाकलं गेलं असतं. मी रुमाल काढून तयारही होतो. पण नटवर्यांनी तिला हाताने थांबवलं. तोंडावरचा झगा खाली केला, खालची कवळीही काढली आणि सगळ्यांकडे तोंड करून, शेठकडे बघून म्हणाले, “हा आवाज दातांशिवायचा आहे. मला दात नाहीत. तुमची जाहिरात केली तेव्हाही नव्हते.” ‘जाहिरात’ शब्द त्यांच्या तोंडातून असा काही निघाला की एरवी सगळे फुटले असते. कुणी हसलं नाही.

शेठनी हातातला मंजनाचा डबा मांडीवर ठेवला. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं आता माणूस उठेल, गाडीत बसेल आणि सिनेमा गेला. पण शेठ म्हणाले, “एक विचारू? ती कवळी तुम्ही कशाने घासायचे?”

“तुमच्याच मंजनाने,” नटवर्य म्हणाले. “रोज. दोन्ही वेळा. फुकट यायचं.”

“आणि ती चमकायची?”

“तुम्ही पाहिलंच आहे.”

“मग जाहिरात खोटी कुठे झाली?” शेठ म्हणाले, आणि मागच्या माणसाकडे वळून चहा कुठे राहिला म्हणून विचारू लागले.

(इथे तुला एक सांगतो. कुठल्याही मंजनाने कवळीवर ओरखडे पडतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. हे मी प्रत्येकाला, न विचारता, लग्नकार्यातसुद्धा सांगत आलो आहे. त्या दिवशी जिभेच्या टोकावर आलेलं वाक्य मी प्रथमच गिळलं.)

त्यानंतर बाईंनी चार दिवस काम थांबवून शेवट नव्याने लिहिला. आता उमराव मुलीच्या गळ्याशी येतो, आणि त्याला चावताच येत नाही. सुळे गळून गेलेले असतात. तो तिच्या शेजारी बसतो आणि ती त्याला विचारते, किती वर्षं झाली नीट जेवून? कादंबरीत असं काही नाही, आणि तू नक्की चिडशील. पण मी चित्रीकरण पाहिलं, आणि मला परत जाताना गोदामाचा जिना मोजून उतरावा लागला, कारण पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. माझे सुळे पहिल्या अर्ध्यात आहेत. श्रेयनामावलीत ‘दंत विभाग’ही आहे, केशभूषेच्या खाली आणि कुत्र्याच्या वर. नटवर्य आता चारचौघांत कवळी काढून रुमालात ठेवतात आणि बिनधास्त गप्पा मारतात. परवा माझ्याकडे आले तेव्हा तुझी भावजय त्यांच्याशी तासभर बोलली. मी कवळ्यांचं बोललो की ताट उचलणारी हीच ती.

बाकी सर्व क्षेम. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा, आणि मधल्यांना नुसतं ‘विचारलं’ म्हणून सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. नटवर्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं असलं तरी मी दिलेला शब्द तसाच आहे. त्यामुळे हे पत्र वाचून फाडून टाक. शेजारच्या काकूंना वाचून दाखवल्यावर फाड.

ता. क. २. तुझ्या सुनेचा फोन आला होता. मी सांगितलं असं सांगू नका म्हणाली, म्हणून सांगतो आहे. गेल्या वर्षी उरलेले दात काढल्यापासून तू सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाहीस, फोटोत तोंडावर पदर धरतेस आणि भिशीलाही जात नाहीस म्हणे. मला मात्र दर पत्रात ‘मी मजेत’. ताई, मी अख्ख्या गावाला दात पुरवतो, आणि माझी बहीण खोलीत एकटी बसून मऊ भात गिळते? संकोच वाटत असेल तर कळतं. सख्ख्या भावासमोर ‘आ’ करायला मलाही नको वाटलं असतं. पण एक दुपार दे. मी सगळं सामान घेऊन गुरुवारी येतो. दार आतून लावून घेऊ, खिडकीचा पडदा ओढू. सात पानं फक्त एवढंच विचारायला लिहिली. तुझी भावजय म्हणते, सरळ चार ओळी लिहायच्या होत्या. तिला तू माहीत नाहीस.

ता. क. ३. ‘नाही’ म्हणायचं असेल तर पत्राने कळवू नकोस, फोन कर. तो शब्द तुझ्या तोंडून सध्या कसा येतो ते मला ऐकायचंच आहे. मापाच्या कामाला येईल.