ज्याची कविता, त्यानेच वाचायची

प्रिय योरिट,

मी अजून डेन हेल्डरलाच आहे. ज्यासाठी इथे आले, ते पंपांचं काम काल दुपारीच संपलं. आणखी दोन दिवस लागतील असं तुला कळवलं, ते खरं नव्हतं.

क्लिनिकमधून आलेल्या तिन्ही प्रश्नावल्या इथे भरल्या. एक लहानपणाची, एक लोकांच्या भीतीची, एक अंथरुणातली. पहिलीत विचारलंय, घरी कुणी मारायचं का, उपाशी ठेवायचं का, नको तिथे हात लावायचं का. सगळीकडे ‘नाही’वर खूण केली. जे झालं, त्याचा प्रश्नच त्यात नव्हता.

अकरा वर्षांची असताना वर्गासमोर बोलायला उभी राहिले आणि कपड्यांतच लघवी झाली. घरी फक्त आईला सांगितलं होतं. पाच डिसेंबरला, संत निकोलसच्या सणाला, त्याच्या नावाने आलेल्या माझ्या भेटवस्तूला जोडलेल्या कवितेत ते यमक जुळवून आलं होतं. तुमच्याकडच्यासारखंच आमच्याकडेही, ज्याच्यावर कविता लिहिलेली त्यानेच ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. मी वाचली. काका म्हणाले, “परत वाच गं, तळं नेमकं कुठे साचलं ते ऐकू नाही आलं!” बाबा हसून हसून डोळे पुसत होते. मला रडू आलं तर म्हणाले, “एवढं काय मनाला लावून घेतेस, बये? गंमत कळत नाही तुला?” अक्षर बाबांचं, पण खाली सही संत निकोलसची. रागवायचं तरी कुणावर? पुढे सात वर्षं, दर वर्षी काहीतरी. मी घरात बोलणं बंद केलं, तर त्यावरही कविता झाली.

तू मला आवडतोस, हे आधी लिहायला हवं होतं. तू जवळ घेतोस तेव्हा मलाही हवं असतं. मग तू माझ्या चेहऱ्याकडे बघतोस आणि खोलीत माणसं बसल्यासारखं होतं. शरीर तिथेच थांबतं. कोरडं, बंद. त्यानंतर फक्त दुखतं. म्हणून दिवा नको म्हणते, म्हणून घाई करते. गेली दोन वर्षं माझं जे सुख तुला दिसलं, ते मी करून दाखवलं. एकदाही खरं नव्हतं. तू कमी पडत नाहीस, योरिट. तू तसं समजतोस हे मला माहीत होतं, तरी गप्प राहिले.

रविवारी प्रिंटरमध्ये तुझा एक कागद राहिला होता. शुक्रवारी सणाला तुझ्या आईकडे मी वाचायची, ती माझ्यावरची कविता. प्रेमाने लिहिली आहेस, ते कळतं. चौथ्या कडव्यात मी दिवा मालवते आणि तू मला चाचपडत शोधतोस. तुझ्या भावांना आवडेल. कागद होता तिथेच ठेवला आणि सोमवारच्या कामासाठी आदल्या संध्याकाळीच निघाले. शुक्रवारी मी येणार नाही. त्यानंतर घरी येऊ शकेन का, ते तू ही कविता आधीच कुणाला वाचून दाखवली आहेस का, यावर आहे. फोन करू नकोस, लिही. दाखवली असशील तर तेही लिही. फक्त कोण हसलं ते लिहू नकोस.

अजून तरी तुझीच,
रूलीन