नलूताई, तू मंगळवारी वारलीस

ती. नलूताईच्या पायांवर धाकट्याचं डोकं. (सध्या गुळगुळीत आहे, घसरलं तर रागावू नकोस.) भाऊजींचा गुडघा, गोठ्यातली तांबडी आणि तुझा माझ्यावरचा राग, तिघांचीही प्रकृती ठणठणीत असावी. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद आर्वीच्या बसवाल्या कंडक्टरच्या हाती देतोय.

तक्रार प्रेमदास न्हाव्याची आहे आणि ती गंभीर आहे. अर्धं डोकं झालं आणि त्याच्या मशीनची चार्जिंग संपली. अर्ध्या डोक्याने समाजात वावरणारे पुष्कळ आहेत, पण त्यांचं बाहेरून दिसत नाही. मला ती सोय नव्हती. त्याने वस्तरा काढला, आणि मंगळवारी सकाळी मी सफाचट होऊन, बनियनवर, ओट्यावर येऊन बसलो. गप्प. त्यात नवल नाही, आपली पोर आकांक्षा सासरी गेल्यापासून मी गप्पच असतो. मोहिनी होती तेव्हा निदान 'आता गप्प बसा' म्हणणारं कोणीतरी होतं.

समोरच्या शकुंतलाबाईंनी विचारलं, "काऊन जी, कोन गेलं?" तीन दिवस कुणाशी बोललो नव्हतो, आवाज लगेच निघेना. घसा खाकरेपर्यंत उत्तर त्यांनीच काढलं, "रोहना गावाले दिलेली बहीन का? अरे देवा!" (माझं दुसरं कोणी त्यांना ठाऊक नाही. मलाही नाही.) मी तोंड उघडलं तोवर त्या तीन घरी सांगून आल्या होत्या.

दहा वाजता सतरंजी पडली आणि अख्खी गल्ली बसायला आली. बाजूच्या हेमराजला शंका आली, "लग्न झालेल्या बहिनीसाठी कोनी टक्कल करते का?" शकुंतलाबाई कडाडल्या, "माया असते जी! तुमाले नाई समजनार." हेमराज तेव्हापासून माझ्याहून गप्प आहे.

आता गंमत ऐक. सोमवारपर्यंत याच गल्लीत मी घुम्या होतो, तुसडा होतो, आतल्या गाठीचा होतो. तेच तोंड, तेच कुलूप, पण मंगळवारी सोशिक झालो, धीराचा झालो. दीपमाला मॅडम (शाळेत मराठी शिकवतात) मला 'खिन्न' म्हणाल्या, शकुंतलाबाईंना 'गुमसुम'च पसंत. दोघींचं थोडं वाजलंही. मी मध्ये पडलो नाही, मयताच्या भावाला मत नसतं. एकटा माणूस नुसता गप्प बसला की शिष्ट ठरतो. घरातलं कोणी गेलं तरच त्याला गप्प बसायची परवानगी मिळते.

सुतकाच्या घरी चूल पेटू नये म्हणून चार घरचे डबे आले. खरं सांगायला हवं होतं, ताई. पण दारात इतक्या चपला फार दिवसांनी पाहिल्या. मग कोणीतरी विचारलं, बाई कशी होती? आणि मी तासभर बोललो. नाल्याला पूर आला तेव्हा मला खांद्यावर घेऊन शाळेत नेलंस ते, माझ्या वाटचा मार तू खाल्लास ते, आणि उरलेला मला दिलास तेही. बाया रडल्या. मीही रडलो. ते नाटक नव्हतं, तू चौदा महिने बोलत नाहीस.

असो. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
लहान्या

ता. क. हेमराजने रविवारसाठी गाडी ठरवली आहे. बारा माणसं तुझ्या घरी बसायला येणार आहेत. तू दारात उभी दिसलीस तर शकुंतलाबाईंचं काही खरं नाही. तेव्हा शनिवारीच तू इकडे येजो. मी ओट्यावर सगळ्यांसमोर कबूल करीन आणि पुन्हा घुम्या होईन. दोन दिवस राहजो. डबे परत करायचे आहेत आणि रिकामे परत करता येत नाहीत. मला वरणाशिवाय काही येत नाही.

ता. क. २. आकांक्षाच्या लग्नात भाऊजींना मानाची दुपट्टा-टोपी मिळाली नाही आणि तुम्ही पंगतीतून उठलात, तेव्हा मी म्हणालो होतो की यादी करणाऱ्याची चूक. यादी मीच केली होती. मोहिनीच्या तेरवीला भाऊजी आले नव्हते, तो राग मनात धरून त्यांचं नाव मीच खोडलं. चूक माझी आहे. हे त्यांना वाचून दाखव.