काट्याचा प्रोग्राम

१८ ऑक्टोबर २००५
पुन्हा तेच! ‘अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल सिम्बॉल’. कंपाइल होतं, लिंक होत नाही — लिंकर माझा प्रोग्राम कंपनीच्या लायब्ररीला जोडतच नाही. वजनकाट्याच्या कंपनीने दिलेल्या लायब्ररीत रीडवेट फंक्शन आहे — डोळ्यांनी बघितलं. फक्त तिथे नावाला शेपटी आहे, @8. माझा प्रोग्राम मागतो ते नाव बिनशेपटीचं. आता ही शेपटी कुठून आणू? डोकं फुटायची वेळ आली.

१९ ऑक्टोबर
राइस मिलचे मुन्नालाल शेठ बाबांना म्हणाले, “बिसराम, धान आने से पहले काँटे का प्रोग्राम नहीं हुआ तो नागपुर से आदमी बुलाऊंगा. फिर काँटे पे वही बैठेगा.” बावीस वर्षं तिथे बाबाच बसतात! घरी येऊन मला एवढंच — “काऊन रडून राहिली वो? तुले जमते.”
नाही जमत, बाबा.

२१ ऑक्टोबर
काही नाही.

२३ ऑक्टोबर
गोंदियाला गेले. धनेंद्र, कॉलेजात माझ्याच वर्गातला, आता सायबर कॅफे चालवतो. “लिंकर को छोड़ ना यार! प्रोग्राम चालू झाल्यावर कंपनीच्या फाइलमधून फंक्शन उचल.” केलं. एरर गेली! मिलमध्ये येऊन शेठचा ट्रॅक्टर काट्यावर चढवला — वजन बरोबर!

७ नोव्हेंबर
धान सुरू. बाबा नवा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर.

१२ नोव्हेंबर
वजनं चुकतात. सगळी नाही — मधूनच एखाद्या पावतीवर आदल्या गाडीचं वजन येतं. आज नत्थूलालमामाची, म्हणजे आईच्या भावाची, अर्धी ट्रॉली, पावती भरल्या ट्रॉलीची! मिलमध्ये ओरड — “बिसराम साळ्याचं घर भरून राहिला.”

१४ नोव्हेंबर
सापडलं. फंक्शनच्या नावांचा कंपनीने पाठवलेला फॅक्स पुन्हा वाचला. प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी __stdcall. ओळीओळीत तेच, म्हणून टाइप करताना मीच गाळलं होतं — शहाणी मोठी! लग्नाच्या पंगतीत पत्रावळ जेवणाऱ्याने उचलायची की वाढणाऱ्याने, हे ठरलेलं लागतं. नाहीतर दोघंही उचलतात आणि शेजारच्याचं वाढलेलं पान जातं. फंक्शनला वाढलेली माहिती शेवटी कोणी उचलायची, तो शब्द तेवढंच ठरवतो; @8 ची शेपटी ही त्याचीच खूण. लिंकर रोज ओरडून सांगत होता, मी त्याचं तोंड दाबलं.
शब्द टाकला. चाळीस वेळा तपासलं, एकही चूक नाही. उद्या शेठला सगळं सांगते.

१५ नोव्हेंबर
चूक माझ्या प्रोग्रामची, हे सगळं ऐकून शेठ म्हणाले, “बाप को बचा रही है.” बाबांनी कालच त्यांना लिहून दिलं होतं — ‘चूक माझी, काट्याचं काम सोडतो.’ घरी येऊन मी बाबांवर ओरडले, “कायले लिहिलं?”
“बटन मीच चुकीचं दाबलो असन. तुया प्रोग्राममंदी कुठून चूक येते?”