कानापर्यंत पोचलेला हात

नारायण पेठ, पुणे
रविवार, ९ मार्च २००३

चि. पुष्कर यास,

आशीर्वाद लिहायची सवय आहे, म्हणून लिहिते. आज मनात नाही.

आमवाताने माझी दोन्ही कोपरं आखडली. रिसीव्हर कानापर्यंत जाईना, म्हणून तू अमेरिकेहून स्पीकरवाला फोन पाठवलास. सहा वर्षं आपलं प्रत्येक बोलणं तुझ्या बाबांच्या देखत झालं. ते खोकले की मी विषय बदलायची. "मजेत आहे," एवढंच तुला ऐकू आलं.

डिसेंबरात उजव्या कोपराचा सांधा बदलला. सर्जन म्हणाले, किलोभराहून जास्त उचलायचं नाही, पण घास तोंडापर्यंत जाईल, वेणी घालता येईल. तसंच झालं. दुखणंही गेलं. हात आता कुठवर पोचतो, हे तुम्ही दोघांनी विचारलं नाहीत.

आज तुझा फोन बाबांनी बाहेर घेतला. तुला चकित करावं म्हणून मी स्वयंपाकघरातल्या, त्याच लाइनवरच्या जुन्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. तू म्हणत होतास, "आईला कात्रजच्या वृद्धाश्रमात ठेवा आणि तुम्ही इकडे या. आधी सांगू नका, रडेल." मग बाबांनी स्पीकर लावून मला हाक मारली. मी बाहेर येऊन "मजेत आहे" म्हणाले.

रडले नाही. फोडणी तेवढी करपली.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पुढच्या रविवारी स्पीकर लावून तुला मोठ्याने वाचून दाखवीन. तुझ्या बाबांनी खुशाल खोकावं.

मजेत असलेली,
तुझी आई