आबनूसची खुंटी

बुधवार, संध्याकाळ

बाबा गायचे, आई तंबोरा धरायची. ते गेले, तरी ती रोज छेडते. काल तंबोऱ्याची एक खुंटी तुटली, काळ्याभोर आबनूस लाकडाची. आई जेवलीच नाही.

आज घमापुरच्या सुताराकडे नेला. "दीदी, आबनूस अब कहाँ? तेंदू भी अंदर से काला निकलता है, पर पेड़ को बूढ़ा होने कौन देता है! शीशम पे काला रंग चढ़ा दूँगा, पता नहीं चलेगा."

पटलं मला. तिथूनच आईला फोन केला.

"काहून रंगवायची? तुझ्या बाबांनी कधी केस रंगवले का?"

किती दिवसांनी दोघी हसलो!

तीन काळ्यांत ती शीशमची नवी तपकिरी खुंटी लगेच दिसते. दिसू दे. आईने तारा जुळवल्या. मी भीतभीत सा लावला. बाबांसारखा कुठला लागायला? पण आईने छेडणं थांबवलं नाही.